बेल्ट ग्राइंडर घेताना: आधी सांगाडा पाहा, अटॅचमेंट मागून येतील

कानस आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर उत्तम सुरी घडवता येते. पण ४ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीला पाठीपासून धारेपर्यंत उतार द्यायचा म्हणजे कानशीने तासन्‌तास घासणं आलं. चांगल्या बेल्ट ग्राइंडरवर, म्हणजे चाकांवर खरखरीत पट्टा फिरवणाऱ्या यंत्रावर, तेच काम खूपच लवकर उरकतं, त्यामुळे दोन-चार सुऱ्या हाताने झाल्या की यंत्राचा विचार डोक्यात घोळायला लागतो. मग यंत्रं पाहायला सुरुवात केली की प्रत्येकासोबत डझनभर अटॅचमेंट दिसतात: मोठं चाक, छोटी चाकं, सपाट प्लॅटन (बेल्टमागची पाटी), वक्र प्लॅटन, चुंबकाची पाटी. ज्याच्याबरोबर सामान जास्त तो ग्राइंडर जास्त कामाचा, असं वाटणं साहजिक आहे.

तसं नसतं. ग्राइंडर बहुउपयोगी होतो तो तीन गोष्टींमुळे. बेल्टचा वेग कमी-जास्त करता यायला हवा, दाब दिल्यावर बेल्ट जागचा हलता कामा नये आणि अटॅचमेंटचा दांडा सॉकेटमध्ये घट्ट बसायला हवा. हे तिन्ही पक्कं असेल तर बाकीचं सामान एकेक करून कधीही जोडता येतं. यातलं एक जरी कच्चं असेल तर सोबत आलेल्या अटॅचमेंट एकामागून एक कपाटात जातात, कारण कशावरच काम नीट होत नाही.

बेल्ट किती लांब?

सुरी करणाऱ्यांच्या जगात २ बाय ७२ इंच, म्हणजे साधारण ५० मिलिमीटर रुंद आणि १,८३० मिलिमीटर लांब, हे माप जवळपास सर्वमान्य झालं आहे. त्याखाली २ बाय ४८, २ बाय ४२ आणि अगदी छोटं १ बाय ३० इंच अशी मापं मिळतात. लांबीचा फायदा बेल्ट जास्त दिवस टिकण्यापुरताच आहे असं पुष्कळांना वाटतं. तो फायदा आहेच: १ बाय ३० च्या तुलनेत २ बाय ७२ बेल्टवर घासणारं क्षेत्रफळ पावणेपाच पट असतं. पण खरी गंमत उष्णतेत आहे.

समजा दोन्ही बेल्ट सेकंदाला १५ मीटर वेगाने धावत आहेत. छोट्या बेल्टवरचा प्रत्येक कण सेकंदाला सुमारे २० वेळा पोलादावर येऊन आदळतो, मोठ्या बेल्टवरचा सुमारे ८ वेळा. म्हणजे लांब बेल्टवरच्या कणाला पुढच्या फेरीआधी गार व्हायला अडीच पट वेळ मिळतो. बेल्ट गार राहिला की कण लवकर बोथट होत नाहीत आणि पातंही कमी तापतं. शिवाय सगळ्यात जास्त प्रकारचे बेल्ट याच मापात मिळतात. बाकी मापांत एखादा खास ग्रिट (कणांचा जाड-बारीकपणा) हवा असेल तर शोधत बसावं लागतं.

जागा अगदीच कमी असेल किंवा फक्त छोट्या सुऱ्या आणि धार लावणं एवढंच काम असेल, तर २ बाय ४२ किंवा ४८ चं यंत्र वाईट नाही. १ बाय ३० मात्र मी धार लावण्यासाठी आणि मुठीच्या किरकोळ कामासाठीच सुचवेन. पूर्ण उतार काढण्याचं काम त्याच्यावर होतं, पण वारंवार थांबून पातं पाण्यात बुडवावं लागतं आणि १ इंची बेल्टवर लांब उतार एकसलग ठेवणं कठीण जातं.

मोटर आणि वेग

बेल्टचा वेग काढायचं गणित सोपं आहे: ड्राइव्ह व्हीलचा, म्हणजे मोटरवरच्या बेल्ट ओढणाऱ्या चाकाचा, परीघ गुणिले मोटरचे मिनिटाला होणारे फेरे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर दोन पोलची मोटर साधारण २,८८० फेरे घेते आणि चार पोलची साधारण १,४४०. ड्राइव्ह व्हील १०० मिलिमीटर व्यासाचं असेल तर पहिल्या मोटरवर बेल्ट मिनिटाला सुमारे ९०० मीटर धावतो, दुसऱ्यावर सुमारे ४५०. व्हील बदललं की वेग त्याच प्रमाणात बदलतो. विकणाऱ्याने वेग सांगितला नसेल तर या दोन आकड्यांवरून स्वतः काढून पाहावा.

एकच वेग असलेलं यंत्र कधीच बहुउपयोगी होत नाही. जाड ग्रिटच्या सिरॅमिक बेल्टला भरपूर वेग आणि चांगला दाब लागतो. त्याचे कण दाबाखाली तुटून नवी टोकं उघडी करतात, आणि हळू चालवला की ते न तुटता नुसते गुळगुळीत होतात. तेव्हा मिनिटाला १,२०० ते १,५०० मीटर मिळाले तर उत्तम. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केलेल्या, पात्यावर बारीक ग्रिट लावताना तोच वेग पातं जाळून टाकेल. लाकडी मुठीला ३०० मीटरही पुष्कळ होतात, त्याहून वाढवलं तर लाकूड करपतं आणि आकार हातातून निसटतो.

म्हणून माझा सल्ला असा की पैसे मोजूनच खर्च करायचे असतील तर मोठं कॉन्टॅक्ट व्हील पुढे ढकला, पण वेगनियंत्रण आत्ताच घ्या. चांगला मार्ग म्हणजे थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारा डबा. घरगुती सिंगल फेज वीज घेऊन मोटरला थ्री फेज देणारे व्हीएफडी सहज मिळतात. कपॅसिटरवर चालणारी साधी सिंगल फेज मोटर मात्र व्हीएफडीला जोडू नये, ती त्यासाठी बनलेलीच नसते. व्हीएफडी बंदिस्त, धूळरोधक डब्याचा असावा. पोलादाची भुकटी वीजवाहक असते. ती उघड्या सर्किटवर बसली तर आज ना उद्या ते जाणारच. मोटरही पूर्ण बंदिस्त, बाहेरून पंख्याने गार होणारी असावी.

व्हीएफडीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. वेग खाली आणला की मोटरचा जोर, म्हणजे टॉर्क, साधारण तेवढाच राहतो, पण एकूण शक्ती वेगासोबत उतरते. १.५ एचपीची मोटर निम्म्या वेगावर पाऊण एचपीच्या आसपास काम करते. शिवाय पंखा मोटरच्याच दांड्यावर असल्याने तोही मंदावतो आणि खूप वेळ अगदी हळू चालवल्यास मोटर तापते. जुन्या पद्धतीच्या पायऱ्यांच्या पुलीवर वेग कमी केला तर जोर उलट वाढतो, फक्त प्रत्येक वेळी थांबून पट्टा सरकवावा लागतो. दोन इंची बेल्टसाठी १ एचपीवर काम चालतं, १.५ वर हात मोकळा होतो आणि २ असेल तर मोठ्या सुऱ्यांवर जोराने रेटतानाही बेल्ट अडखळत नाही.

सांगाडा तपासायचा कसा

अटॅचमेंट ज्या चौकोनी दांड्यावर येतात तो बऱ्याच यंत्रांत दीड इंची असतो, काहींत एक इंची किंवा आणखी वेगळा. दांडा सॉकेटमध्ये घालून कळ आवळा, मग टोकाला धरून वर-खाली आणि आडवा हलवून पाहा. इथे जाणवणारा किंचित खुळखुळाट पात्यावर लाटा होऊन उमटतो. दुसऱ्या कारखान्याची अटॅचमेंट पुढे घ्यायची असेल तर फक्त दांड्याचं माप जुळून भागत नाही. दांड्यापासून बेल्टच्या मध्यरेषेपर्यंतचं आडवं अंतरही तेच असावं लागतं, नाहीतर अटॅचमेंट आत जाते पण चाकं एका रेषेत येत नाहीत.

ट्रॅकिंग, म्हणजे बेल्ट चाकांवर एकाच जागी धावणं, तपासायला थोडा निवांतपणा लागतो. ट्रॅकिंग व्हील मध्ये किंचित फुगीर असतं आणि ते कलवलं की बेल्ट डावी-उजवीकडे सरकतो. यंत्र हळू सुरू करून बेल्टची कड प्लॅटनच्या कडेला आणा. आता वेग पूर्ण वाढवा, परत उतरवा आणि त्याच वेळी पोलादाची एक पट्टी बेल्टच्या एका बाजूला दाबून धरा. बेल्टची कड जागेवर राहिली तर ट्रॅकिंग चांगलं. ती मिलिमीटरभर इकडे-तिकडे भटकत असेल तर मुठीजवळ जिथे उतार सुरू होतो ती रेघ, म्हणजे प्लंज लाइन, कधीच स्वच्छ येणार नाही. हा दोष बहुधा ट्रॅकिंगच्या बिजागरीतल्या ढिलेपणाचा किंवा चाकं एका रेषेत नसल्याचा असतो.

बेल्ट ताणायला स्प्रिंग असो की गॅस स्ट्रट, दोन्ही चालतात. एका हाताने ताण सोडून बेल्ट काही सेकंदांत बदलता आला पाहिजे. एका सुरीला पाच-सहा वेळा बेल्ट बदलावा लागतो. ते जिकिरीचं असेल तर माणूस घासलेल्या बेल्टवरच काम रेटत राहतो.

प्लॅटन आणि रेस्ट

पहिली अटॅचमेंट कोणती घ्यावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही: सपाट प्लॅटन आणि समोरचं वर्क रेस्ट, म्हणजे काम टेकवायची फळी. सुरीचं नव्वद टक्के काम या दोघांवर होतं. प्लॅटन म्हणजे बेल्टच्या मागची सपाट पोलादी पाटी. बेल्ट तिच्यावरून घासत जात असल्याने ती हळूहळू मध्ये खोलगट होते, आणि तो खोलगटपणा प्रत्येक उतारात उतरतो. म्हणून पुष्कळ जण तिच्यावर उष्णता सहन करणाऱ्या सिरॅमिक काचेची पट्टी इपॉक्सीने चिकटवतात. काच पोलादापेक्षा खूपच हळू झिजते आणि सपाट राहते, फक्त तिला ठोका लागू द्यायचा नाही. खालच्या टोकाला काचेला टेकू देणारी कड असावी, कारण बेल्ट तिला सतत खाली ओढत असतो. प्लॅटन पुढे-मागे सरकवता यावं आणि बेल्ट वरच्या-खालच्या चाकांपेक्षा थोडा पुढे राहावा, नाहीतर पातं चाकाच्या वळणावर जाऊन दचके बसतात.

सपाट उतारात कोन किती लहान असतात हे एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. पाठ ४ मिलिमीटर जाड आणि पातं ३० मिलिमीटर रुंद असेल तर प्रत्येक बाजूला कोन ४ अंशांपेक्षाही कमी येतो. अशा ठिकाणी मनगट एका अंशाने चुकलं की धारेजवळ अर्धा मिलिमीटरचा फरक पडतो. त्यासाठी आधी खूण करावी लागते. पात्याच्या कडेवर मार्करची शाई लावा. पोलादाच्या जाडीएवढ्याच व्यासाचा ड्रिल बिट सपाट फरशीवर आडवा ठेवून त्याचं टोक शाईवरून ओढा. मग पातं उलटं करून पुन्हा ओढा. बिटचं टोक मध्यावर असल्याने शाईत बरोबर मधोमध रेघ येते, माप थोडं चुकलं असेल तर अगदी जवळ-जवळ दोन रेघा येतात. या रेघांपर्यंत दोन्ही बाजूंनी समान घासत जायचं आणि मध्ये पोलादाची बारीकशी कड पाणी देण्यासाठी सोडायची.

वर्क रेस्टबद्दल एवढंच पाहावं की ते गुण्या लावून प्लॅटनशी काटकोनात बसवता येतं, बेल्टच्या अगदी जवळ आणता येतं आणि दाबल्यावर वाकत नाही. बेल्ट आणि रेस्ट यांतली फट मोठी असेल तर छोटं काम तिच्यात ओढलं जातं. बोटंही तिथेच असतात.

मोठं चाक: किती मोठं?

प्लॅटन सपाट उतार देतं, कॉन्टॅक्ट व्हील आतून खोलगट उतार देतं. हे चाक अॅल्युमिनियमचं असून त्यावर रबराचा थर असतो आणि बेल्ट त्याच्यावरून वळतो. ८, १० आणि १२ इंची व्यास नेहमीचे. मोठं घ्यावं की छोटं, हा प्रश्न नेहमी चवीचा म्हणून सोडून दिला जातो, पण त्याला भूमिती आहे.

खोलगटपणाची खोली काढायला उताराच्या उंचीचा वर्ग घ्या आणि त्याला चाकाच्या त्रिज्येच्या आठ पटीने भागा. उतार २५ मिलिमीटर उंच असेल तर २०० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर प्रत्येक बाजूला ०.७८ मिलिमीटर खोली येते, २५० च्या चाकावर ०.६३ आणि ३०० च्या चाकावर ०.५२. आता पाठ ४ मिलिमीटर आणि धार जवळपास शून्य धरा. सपाट उतारात पात्याच्या मध्यावर २ मिलिमीटर पोलाद असतं. ३०० च्या चाकावर तिथे ०.९६ मिलिमीटर उरतं, २५० वर ०.७५ आणि २०० वर फक्त ०.४४. म्हणजे उंच उताराच्या सुरीला छोटं चाक वापरलं तर धारेच्या वर पातं इतकं पातळ होतं की जोर दिल्यावर ते लवतं. छोट्या, अरुंद पात्याला मात्र हेच ८ इंची चाक शोभतं, कारण १२ मिलिमीटरच्या उतारात त्याची खोली ०.१८ मिलिमीटरवर येते.

एकच चाक घ्यायचं असेल तर १० इंची घ्यावं. रबर शोअर ए या कडकपणाच्या मापावर ७० च्या आसपास असेल तर जाड ग्रिट आणि बारीक ग्रिट दोन्हींना चालतं. त्याहून कडक रबर वेगाने काढतं, मऊ रबर छान फिनिश देतं. खाचा असलेलं चाक जास्त आक्रमकपणे घासतं पण आवाज आणि थरथर करतं, म्हणून सुरीसाठी गुळगुळीत बरं.

ज्याला सपाट आणि खोलगट यांच्या मधलं काही हवं, त्याच्यासाठी मोठ्या त्रिज्येचं वक्र प्लॅटन असतं. ९०० मिलिमीटर त्रिज्येवर वरच्याच २५ मिलिमीटर उताराची खोली फक्त ०.०९ मिलिमीटर येते. स्वयंपाकाच्या सुरीसाठी मला हे फार आवडतं: भाजीचा काप पात्याला चिकटणं थोडं कमी होतं आणि धारेमागे पोलादही टिकतं.

छोटी चाकं आणि बाकीचं

मुठीतल्या बोटांच्या खाचा, पात्याच्या टाचेजवळचं वळण, अशा जागी १२ ते ३८ मिलिमीटरची छोटी चाकं लागतात. इथे वेगनियंत्रणाची किंमत पुन्हा कळते. बेल्ट मिनिटाला ९०० मीटरने धावत असेल तर १२ मिलिमीटरचं चाक मिनिटाला जवळजवळ २४ हजार फेरे घेतं. त्याची इवलीशी बेअरिंग त्या गतीत तापतात आणि लवकरच जातात. वेग एक तृतीयांशावर आणावा. संच घेण्यापेक्षा १२, १८ आणि २५ अशी तीन घ्यावीत, पुढचं गरजेप्रमाणे.

प्लॅटन काढून नुसत्या मोकळ्या बेल्टवर घासणं, ज्याला स्लॅक बेल्ट म्हणतात, ते मुठीचा गोलावा आणि बहिर्गोल धार यांसाठी अप्रतिम आहे. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. प्लॅटन सरकवता येत असलं की झालं.

पूर्ण यंत्र आडवं करता येणं ही सोय कागदावर छोटी वाटते, पण मुठीची आतली वळणं करताना आडवा बेल्ट डोळ्यांसमोर येतो आणि काम दिसतं. सांगाड्यात ही सोय असेल तर जरूर घ्यावी, ती नंतर जोडणं अवघड असतं. चुंबकाच्या पाटीचं सरफेस ग्राइंडिंग अटॅचमेंट फोल्डिंग सुरी करणाऱ्यालाच खरं लागतं. तिथे पातं आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या समांतर नसतील तर सुरी नीट उघडत-मिटत नाही.

बेल्ट, उष्णता आणि धूळ

यंत्र कितीही चांगलं असलं तरी पोलादाला प्रत्यक्ष भिडतो तो बेल्ट, आणि तो जपून वापरण्याची वस्तू नाही. बोथट बेल्ट कापत नाही, चोळतो, आणि चोळलं की तापतं. सुरुवातीला ३६ किंवा ६० ग्रिटचे सिरॅमिक, मग १२०, आणि त्यापुढे २२० व ४०० चे अॅल्युमिनियम ऑक्साइड एवढ्यावर पूर्ण सुरी होते. सपाट उतारासाठी जाड, कडक कापडाचा बेल्ट हवा. वळणांसाठी पातळ, लवचीक कापडाचा, ज्याला जे-फ्लेक्स म्हणतात. कडक बेल्ट छोट्या चाकावर वळताना जोडावर धडधडतो आणि तुटतो. बेल्टच्या आतल्या बाजूवर दिशेचा बाण असेल तर तो पाळावा.

पाणी देऊन टेम्पर केलेल्या साध्या कार्बन पोलादाच्या पात्याचं टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवणं, बहुतेक वेळा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास झालेलं असतं. घासताना धार त्याच्या बरीच वर गेली की तिथलं पाणी उतरतं आणि सुरी लवकर बोथट व्हायला लागते. धारेवर गवती पिवळा रंग दिसला तर तापमान २२० च्या आसपास गेलं, निळा दिसला तर ३०० च्या. पुढच्या फेरीत रंग निघून जातो, नुकसान राहतं. स्टेनलेसवर हे रंग बरेच उशिरा उमटतात, तिथे रंगावर भिस्त ठेवू नये. उघड्या बोटांनी पात्याची उष्णता जाणवत राहावी आणि प्रत्येक फेरीनंतर ते पाण्यात बुडवावं. सैल हातमोजे तर घालूच नयेत, बेल्ट ते हातासकट ओढतो. बेल्ट वरून खाली धावतो. धार वरच्या दिशेला ठेवून पातळ झालेलं पातं टेकवलं तर ते बेल्टमध्ये रुतू शकतं, म्हणून शेवटची धार लावताना ती बेल्टच्या धावण्याच्या दिशेलाच, म्हणजे खाली, असावी.

धुळीचा विचार यंत्र मांडतानाच करावा. पोलादाच्या ठिणग्या झेलायला प्लॅटनखाली पाण्याची बादली ठेवावी. लाकडाची भुकटी ओढणाऱ्या व्हॅक्युममध्ये पोलादाच्या ठिणग्या कधीही जाऊ देऊ नयेत: आत शिरलेली एक ठिणगी तासाभराने आग लावू शकते. मुठीचं काम आणि पोलादाचं काम यांच्यामध्ये यंत्र, टेबल आणि नळी साफ करावी. जी-१०, मायकार्टा आणि कार्बन फायबर या मुठीच्या कृत्रिम साहित्याची भुकटी फुफ्फुसात जाऊन बसते, त्यामुळे साध्या कापडी मास्कऐवजी पी१०० दर्जाचे फिल्टर असलेला रेस्पिरेटर चेहऱ्यावर घट्ट बसवून घालावा. तो यंत्र बंद झाल्यावरही काही वेळ काढू नये, कारण सगळ्यात बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि बराच वेळ हवेत तरंगत राहते.